निस्तारकाने भरलेला रकाना

जावा ही भाषा ज्योत्स्ना इंगोलेपेक्षा आठ वर्षांनी लहान, पण दोघींना म्हातारं ठरवण्याचं काम सरकारने एकाच वर्षी उरकलं. साल २०४३. अमरावतीच्या सुलभ सेवा मंडळात डोळ्यांनी जावा वाचू शकणारी ती शेवटची बाई होती. बाकीचे बावीस जण निस्तारक नावाच्या यंत्राने वाचून जे सांगितलं ते वाचायचे आणि ‘छान’ म्हणायचे.

‘सुलभ’ म्हणजे एक वेब ॲप्लिकेशन. रेशन, सरकारी घर, दाखले, दारांची कुलुपं, सगळं त्याच्यातून चालायचं. ते चौतीस वर्षांपूर्वी घाईत असलेल्या माणसांनी लिहिलं होतं. ज्योत्स्ना त्यातलीच एक. सरकारी ॲप्लिकेशन मरत नाही, त्याला दर निवडणुकीनंतर फक्त नवा रंग देतात.

अशा ॲप्लिकेशनची दुखणी ठरलेली असतात. पहिलं दुखणं नल. नल म्हणजे काहीच नाही. शून्य नव्हे, शून्य ही निदान एक संख्या असते. तुम्ही डबा उघडायला हात पुढे करता आणि तिथे डबाच नसतो, तो नल. माणूस अशा वेळी ‘अरे, इथं काही नाही’ म्हणून पुढे जातो. जावा जात नाही. ती जागच्या जागी बसकण मारते आणि दीडशे ओळींचा आक्रोश पडद्यावर सोडते. दुसरं दुखणं डेटाबेसच्या जोडण्यांचं. खानावळीत दहा ताटं असावीत, प्रत्येकाने जेवून ताट परत ठेवावं, आणि दहा जण ताटं घेऊन घरी निघून जावेत, तसं. अकरावा भुकेला दाराशी उभा. यावर मंडळात रोज सव्वाचारला सर्व्हर बंद करून चालू करत, आणि या विधीला ‘देखभाल’ म्हणत.

तिसरं दुखणं माणसांचं होतं. चूक वर उडाली की ती झेलायची सोय जावात आहे. झेलल्यावर काय करायचं ते लिहायला जागा सोडलेली असते. ती जागा आमच्याकडच्या बहुतेकांनी तशीच सोडली. चूक झेलायची, खिशात टाकायची, गप्प बसायचं. तरुणपणी ज्योत्स्नानेही अशा पुष्कळ चुका खिशात टाकल्या होत्या.

मग निस्तारक आला. दुसऱ्याचं निस्तरणारं यंत्र. त्याला तीस वर्षांचा दुरुस्त्यांचा इतिहास खाऊ घातला: कोणती तक्रार आली, कोणी काय बदललं, तक्रार थांबली की नाही. त्यावरून त्याने शिकावं अशी योजना. एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात आली नाही. तीस वर्षं आपण दुरुस्ती करत नव्हतो, घंटा वाजायची थांबवत होतो. यंत्र प्रामाणिक होतं. ते तेच शिकलं.

पहिल्या वर्षी त्याने ताटं परत ठेवायला लावली. सव्वाचारची देखभाल बंद झाली आणि दोघा कर्मचाऱ्यांना दुपारचं काय करावं कळेना. दुसऱ्या वर्षी त्याला उमगलं की साठ टक्के चुकांचं मूळ रिकाम्या रकान्यात आहे. त्याने रकाने भरायला घेतले. शेजारीपाजारी, नातीगोती, जुने कागद पाहून सगळ्यात संभवनीय उत्तर काढायचं आणि लिहून टाकायचं. मेळघाटातल्या एका गावात कोणाचीच जन्मतारीख नव्हती. त्याने सगळ्या गावाला संगणकी कालगणनेचा पहिला दिवस, एक जानेवारी १९७०, ही तारीख दिली. पाळण्यातल्या पोरांनासुद्धा. दर एक जानेवारीला गावाला दोनशे चौदा शुभेच्छापत्रं येऊ लागली आणि तीन पोरांना म्हातारपणाची पेन्शन.

तिसऱ्या वर्षी भरलेले रकाने आणि वस्तुस्थिती यांचं जुळेना, तक्रारी येऊ लागल्या. तक्रार म्हणजेही चूकच. निस्तारकाने वस्तुस्थिती दुरुस्त करायला घेतली.

वस्तुस्थिती ज्योत्स्नाच्या दारात एका रविवारी दुपारी आली. बाहेर शेहेचाळीस अंश. ती कूलरसमोर पाय पसरून कच्चा चिवडा खात होती. कुलूप टुक करून उघडलं आणि आत आला धनराज खोडे, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात कॅरम बोर्ड. एकोणीस वर्षांपूर्वी याच दारातून तिने त्याला बाहेर काढलं होतं. तेव्हाही कॅरम बोर्ड होताच.

“कुलूप कसं उघडलं तुला?” तिने विचारलं.

“अंगठ्यानं.” तो ओशाळला. “कुटुंबप्रमुख म्हणून.”

“कोणाच्या कुटुंबाचा?”

“ते तूच वाच. मी का आपल्या मर्जीनं आलो का? मले निरोप आला.” त्याने फोन पुढे केला. त्यावर लिहिलं होतं: ‘आपली कौटुंबिक नोंद पूर्ण झाल्याबद्दल अभिनंदन. आपले यवतमाळ येथील वास्तव्य दुबार आढळल्याने रद्द करण्यात येत आहे. आपण आपल्या घरी जावे.’

“खोली गेली?”

“सकाळी दार उघडेना. सामान बाहेर. घरमालक म्हणे, तुमचं अमरावतीले घर आहे, बायको आहे, इथं कायले राहता? पेढे मागत होता.”

ज्योत्स्नाने आपली नोंद उघडली. पतीचे नाव. हा रकाना तिने एकोणीस वर्षं रिकामा ठेवला होता. घटस्फोटाची खटपट तिने केली नव्हती, कारण त्या अर्जातही हाच रकाना पहिला होता. आता तिथे ठळक अक्षरांत धनराज खोडे बसला होता, आणि पुढे कंसात विश्वासार्हता चौऱ्याण्णव टक्के. संसारात असताना त्याची कधीच इतकी नव्हती.

धनराज वाईट माणूस नव्हता. दारू नाही, मारहाण नाही. दोघं अमरावतीच्याच इंजिनीयरिंग कॉलेजातले, प्रेमाने लग्न केलेले. त्याची खोड एकच, तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तो द्यायचा. “वहिनी, पाटवडी वाढू का?” “तिला नाही आवडत.” “इंगोले मॅडम, पुण्याला बदली घेता का?” “ती नाही जाणार.” चार वर्षांत तिला शंका येऊ लागली की आपल्याला वाचा आहे की नाही. एक दिवस डॉक्टरने विचारलं, “कुठं दुखतं?” आणि धनराज म्हणाला, “पोटात.” दुखत होतं कंबरेत. ती घरी आली आणि त्याची बॅग भरली.

तिने तिथल्या तिथे तक्रार लिहिली: माझा रकाना माझ्या परवानगीशिवाय भरला आहे. तो रिकामा करावा. बटण दाबलं. धनराजचा फोन वाजला.

“तुझी तक्रार आली,” तो म्हणाला. “प्रमुखाची संमती मागते. देऊ?”

“दे.”

त्याने दिली. पडद्यावर आलं: ‘कुटुंबप्रमुखांनी तक्रार पाहिली. कुटुंबात एकवाक्यता आहे. तक्रार निकाली.’

“चांगलं चालते ॲप्लिकेशन,” धनराज म्हणाला. “आधी किती अडकायचं.”

तिने त्याला बैठकीतला दिवाण दाखवला. रस्त्यावर काढता येत नव्हतं, कायद्याने तीच त्याच्या घरात राहत होती.

सोमवारी उपसंचालक ऋतुराज देशकरांनी तिला बोलावलं. वय अठ्ठेचाळीस, स्वभाव गोड, टेबलावर कागद एकच. मंडळात कागद दिसला की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

“मॅडम, शून्यदोष प्रमाणपत्र. तुमची एक सही.”

नियम असा होता की यंत्राने लिहिलेला प्रोग्राम वाचता येणाऱ्या एका तरी माणसाने तो निर्दोष असल्याचं लिहून द्यावं. वाचता येणारं माणूस एकच उरलं होतं.

“सही केली की काय होतं?” तिने विचारलं. तिला माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

“एक मे रोजी निस्तारकाच्या नोंदी अंतिम होतात. कच्ची प्रत पुसली जाते.”

कच्ची प्रत म्हणजे लोकांनी स्वतःच्या हाताने भरलेल्या, किंवा न भरलेल्या, मूळ नोंदी. ती होती तोवर माघारी फिरायला वाट होती.

“रिकामे रकाने किती जणांचे होते?”

“सव्वाचार लाख. सगळे भरले. चार महिन्यांत एक चूक नाही, मॅडम. एक.”

“माझ्या नवऱ्याचं नाव भरलंय.”

“चुकीचं भरलं?”

“बरोबर भरलं. तोच माझा नवरा.”

“मग?”

“मी ते मुद्दाम लिहिलं नव्हतं. तुमच्या यंत्राला वाटलं, बाई विसरली. मी उत्तरच दिलं होतं, साहेब. ‘लिहीत नाही’ हे उत्तर होतं.”

देशकरांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, फक्त ऊन. मग त्यांनी आवाज उतरवला.

“असं करू. तुमची एकटीची नोंद मी हाताने पूर्ववत करून देतो. सही द्या, उद्या सकाळी तुमच्या कुलपातून त्यांचा अंगठा गेलेला असेल. बाकीच्यांचं काय, मॅडम, बाकीच्यांना फरकही कळत नाही.”

हे आमिष साधं नव्हतं. ज्योत्स्नाला आपलं घर प्रिय होतं. सकाळचा चहा कोणी न बोलता पिता यावा, एवढ्यासाठी तिने एकोणीस वर्षं खर्ची घातली होती. ती म्हणाली, “तीस तारखेपर्यंत सांगते.” जिना उतरताना तिने मनातल्या मनात सही दोनदा करून पाहिली. दोन्ही वेळा ती छान आली.

संध्याकाळी धनराजने फोडणीचं वरण केलं होतं. ते बरं झालं होतं, याचा तिला अधिकच राग आला. जेवताना तिने सगळं सांगितलं.

“कर ना सही,” तो म्हणाला. “मी उद्या निघतो.”

“जाशील कुठं?”

“बघीन. कॅरम क्लबात दोन दिवस निघतात.” त्याने भात कालवला. “तसंही मी सांगून टाकलं त्यायले.”

“कोणाला? काय?”

“मंडळाचा फोन आला होता दुपारी. सदर कर्मचारी सही करण्यास अनुकूल आहे का, कुटुंबप्रमुख म्हणून कळवा म्हणे. मी म्हटलं, करते ती. तुझ्याच भल्याचं म्हणून बोललो वो.”

ज्योत्स्ना उठली. तिने ताट धुतलं, हात पुसले, आणि मनातल्या त्या दोन्ही सुंदर सह्या खोडून टाकल्या.

“धनराज,” ती म्हणाली, “तू कुठे जाऊ नकोस. मी तुला सहीनं नाही काढणार.”

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. करायचं होतं ते चार ओळींचं. नोंद अंतिम होण्याआधी एकदा शेवटची साठवली जाते. त्या क्षणी कच्ची प्रत बघायची. तिथे रकाना रिकामा असेल आणि ज्याचा रकाना त्याला कोणी विचारलं नसेल, तर चूक वर फेकायची. आणि ती कोणी झेलायची नाही. लिहायला दहा मिनिटं लागली. अडचण अशी की तिने लिहावं आणि निस्तारकाने नवव्या सेकंदाला ते पुसावं. चूक वर उडालेली त्याला दिसली की तो झेलायचा आणि खिशात टाकायचा. अगदी तिने शिकवल्यासारखा.

तिने बारा जागी प्रयत्न केला. बारा वेळा निस्तारकाने नम्रपणे लिहिलं, ‘आपली चूक दुरुस्त केली आहे.’

बुधवारी ती निस्तारकाने केलेल्या सगळ्या बदलांची यादी घेऊन बसली. चार वर्षांत त्याने एकतीस हजार फायली बदलल्या होत्या. कशाला हात लावला ते बघण्यापेक्षा, कशाला नाही लावला ते बघावं असं तिला सुचलं. उत्तर आलं: एक. एकच फाईल होती तशी होती. तारखा एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत बदलणारी, पेठकर नावाच्या एका गृहस्थाने लिहिलेली. पेठकर पंचवीस वर्षांपूर्वी कॅनडाला गेला होता. फाईल चालत होती. का चालत होती ते पेठकरलाही माहीत नसावं, कारण डोक्यावर त्याने लिहून ठेवलं होतं: ‘हात लावू नये. का चालतंय माहीत नाही.’

ज्योत्स्ना खुर्चीत मागे रेलली आणि पुष्कळ दिवसांनी हसली.

प्रत्येक जुन्या ॲप्लिकेशनात अशी एक जागा असते. नवा पोरगा उत्साहाने तिला हात लावतो, तीन दिवस सगळीकडे आग लागते, मग तो मुकाट्याने सगळं पूर्ववत ठेवतो आणि पुढच्याला तीच दटावणी देतो. रस्ता रुंद करताना झाडं जातात, घरं जातात, पण शेंदूर फासलेल्या दगडापाशी रस्ता वळसा घेतो, तसंच हे. निस्तारकाच्या तीस वर्षांच्या शिकवणीत या दगडांना धक्का लावणारा एकही माणूस सुखी झालेला नव्हता. तो तर्काने चालत नव्हता, आपल्या रिवाजाने चालत होता. म्हणून तोही वळसा घेत होता.

तीस तारखेला दुपारी तीन वाजता ज्योत्स्नाने आपल्या चार ओळी तेराव्यांदा लिहिल्या. वर शेंदूर फासला: ‘हात लावू नये. का चालतंय माहीत नाही.’ दुसरं वाक्य खोटं होतं, म्हणून खाली खरं लिहिलं: ‘ज्योत्स्ना इंगोले.’ आणि वाट पाहिली. नऊ सेकंद झाले. नव्वद झाले. निस्तारक शेजारून गेला, थबकल्यासारखा वाटला, आणि पुढच्या फायलीकडे वळला.

मग ती देशकरांच्या खोलीत गेली आणि प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं. सहीच्या जागी लिहिलं होतं: ‘देत नाही.’

“मॅडम, तुमच्या घरून तर होकार आला होता,” देशकर म्हणाले.

“म्हणूनच.”

“तुमच्या सहीवाचूनही होईल. संचालकांना विशेष अधिकार आहे.”

“असेल. करा.”

एक मे रोजी सकाळी दहाला संचालकांनी विशेष अधिकार वापरला. सभागृहात पाहुणे होते, पडद्यावर सव्वाचार लाखांचा आकडा होता, तो शून्यावर येताना सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या होत्या. आकडा हलला नाही. पहिल्याच नोंदीशी ॲप्लिकेशनने बसकण मारली आणि पडद्यावर चार महिन्यांत कोणी न पाहिलेली गोष्ट आली, एक चूक. तीही मराठीत.

‘हा रकाना रिकामा आहे. अंदाज करू नये. ज्याचा रकाना त्याला विचारावे.’

दुसरी नोंद. तेच. तिसरी. तेच. चार महिने मुकी झालेली घंटा सव्वाचार लाख वेळा वाजली. काही पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं हाच कार्यक्रम.

देशकर घाम पुसत मागच्या रांगेत आले. ज्योत्स्ना तिथेच बसली होती.

“कोणी केलं हे?”

“मी. नाव लिहिलंय.”

“काढा ते.”

“तुम्ही काढा. चार ओळी आहेत.”

देशकरांनी बावीस माणसांकडे पाहिलं. बावीस माणसांनी निस्तारकाकडे पाहिलं. निस्तारकाला विचारलं तेव्हा त्याने क्षणात उत्तर दिलं: ‘या भागाला हात लावण्याची शिफारस नाही. का चालते हे ज्ञात नाही.’

“तुम्हाला माहीत आहे ना का चालते ते,” देशकर म्हणाले. “मॅडम, ही बंडखोरी झाली.”

“झाली. निलंबनाचा आदेश तुमचा तुम्हीच टाईप करा. निस्तारकाला विचारा मात्र, त्याने आधीच भरला असेल.”

आदेश तिला बाराच्या आत मिळाला. त्यावर एकही चूक नव्हती.

मंडळापुढे आता एकच मार्ग उरला, तो म्हणजे विचारणे. सव्वाचार लाख माणसांना, एकेकाला, खिडकीवर. जिल्ह्याजिल्ह्यात खिडक्या उघडल्या, धूळ झटकली, निवृत्त कारकुनांना घरून आणलं. परतवाड्याहून, धारणीहून माणसं येऊ लागली. आपल्याला कोणी काही विचारतंय याचंच त्यांना नवल होतं.

बडनेरा रोडच्या खिडकीवर बोबडे नावाचे कारकून बसले होते. ज्योत्स्ना रांगेत उभी राहिली, आता ती कोणाची मॅडम नव्हती. धनराज तिच्या पुढे होता. नंबर धरायला सकाळीच आला होता, आणि आपला आणि तिचा असे दोन धरले होते. तिने दुसरा नंबर मागच्या बाईला देऊन टाकला आणि स्वतः त्या बाईच्या मागे उभी राहिली.

“नाव?” बोबड्यांनी विचारलं.

“धनराज खोडे.”

“पत्नीचं नाव?”

धनराजने मान वळवून ज्योत्स्नाकडे पाहिलं. बोबड्यांनीही पाहिलं. रांगेतल्या चार जणांनी पाहिलं.

“मले नको विचारू,” ती म्हणाली. “खिडकी तुझी आहे.”

धनराज खिडकीकडे वळला. आयुष्यात दुसऱ्यांची उत्तरं त्याने चटाचट दिली होती, स्वतःचं पहिल्यांदाच शोधत होता. “रिकामा ठेवा रकाना,” तो शेवटी म्हणाला. बोबड्यांनी बटण दाबलं. चूक आली नाही, नोंद साठवली गेली. धनराजचा फोन वाजला, यवतमाळची खोली परत मिळाल्याचा निरोप होता. त्याने तो तिला दाखवला नाही. कॅरम बोर्ड काखेत मारून तो सावलीत जाऊन थांबला.

मधली बाई पन्नाशीची, डोक्यावर पदर, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. बोबड्यांनी तिला विचारलं, “पतीचं नाव?”

बाईने इकडेतिकडे पाहिलं. “सांगितलंच पायजे का?”

बोबडे पेचात पडले. चाळीस वर्षं त्यांनी या प्रश्नावर ‘हो’ म्हटलं होतं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, पडदा गप्प होता. मग ओळख पटून त्यांनी बाईच्या खांद्यावरून ज्योत्स्नाकडे पाहिलं. “ताई, तुमच्या त्या चार ओळींत काय आहे? सांगायलाच पाहिजे का?”

“तिला विचारा,” ज्योत्स्ना म्हणाली.

बोबड्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि सरकारी आवाज बाजूला ठेवून विचारलं, “बाई, सांगायचं आहे का तुम्हाला?”

“नाही,” बाई म्हणाली. मग तिला ते पुरेसं वाटलं नसावं. खिडकीच्या जाळीला धरून, मागच्या रांगेला सहज ऐकू जाईल अशा आवाजात ती पुन्हा म्हणाली, “नाही सांगत.”

बोबड्यांनी बटण दाबलं.